मंडई हलवा म्हणणाऱ्या काकांना

'भाजी दहा मिनिटांत दारात येते. मंडई हलवा, तिथे वाहनतळ करा. महात्मा फुल्यांचाही मंडईला विरोधच होता!' पुण्याच्या मंडईबद्दलचा हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आला. तो पाठवणारे काका दर रविवारी मंडईतच पिशवी घेऊन भेटतात, ते असो.

आधी फुल्यांचं बघू. विरोध होता, पण कशाला? पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांचं म्हणणं होतं, मंडईच्या नव्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला. बाजारच नको, असं ते कशाला म्हणतील? त्यांचं आडनावच घरच्या फुलांच्या धंद्यावरून पडलेलं. बाजार तर आधी शनिवारवाड्यासमोर भरतच होता. १८८६ साली तो या अष्टकोनी मनोऱ्याखाली आला आणि गव्हर्नरच्या नावाने 'रे मार्केट' झाला. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव लागलं. हा भाग त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळलाय.

'दहा मिनिटांत', पण कोणाच्या? धुण्याभांड्याची कामं उरकून घरी निघालेली बाई संध्याकाळी उतरलेल्या भावात वाटा उचलते. सुटे कमी पडले तर 'उद्या देते' म्हणते आणि ते चालतं. अ‍ॅपवर 'उद्या देते' असं बटण मला तरी सापडलेलं नाही.

'लॉकडाउनमध्ये अ‍ॅपनेच तारलं.' तारलं? २०२० च्या एप्रिलमध्ये डिलिव्हरीची वेळ मिळावी म्हणून मी रात्री बारापर्यंत फोन धरून बसायचो. गुलटेकडीचा मार्केट यार्ड, म्हणजे शहराचा घाऊक बाजार, बंद झाला तेव्हा आमच्या फाटकावर आला तो शेतकऱ्यांचा टेम्पो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशीच त्याला घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर आजी एकट्या असतात, त्यांना मेथी निवडवत नाही, हे आम्हा शेजाऱ्यांच्या आधी मावशींना ठाऊक होतं. त्या आजींची पिशवी वेगळी बांधून ठेवायच्या. ही ओळख काही लॉकडाउन लागल्यावर झालेली नव्हती; रोज पावशेर गवार घेता घेता झालेली.

वाहनतळाचं काय सांगायचं! मंडईला लागून महापालिकेचे वाहनतळ आहेत आणि सप्टेंबर २०२४ पासून मंडईलाच मेट्रोचं स्थानकही आहे.

घाण असते, हे मात्र कबूल. पावसाळ्यात कोबीच्या पाल्यावरून माझाही पाय घसरलाय. पण म्हणून झाडू मागायचा, की बाजारच उठवायचा?