गटारीच्या त्या मेसेजला एकेक करून उत्तर

आषाढ संपत आला की आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो आणि चार दिवसांनी तोच नणंदेच्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरून परत माझ्याकडे येतो. मजकूर साधारण असा: डिप्रेशनच्या, टेन्शनच्या, झोपेच्या गोळ्या चालू आहेत म्हणून गटारी बुडवायची गरज नाही, फक्त त्या दिवशी गोळी घेऊ नका, घ्यायचीच तर चार तासांचं अंतर ठेवा, बिअर-वाइनला काही होत नाही, उलट पेग घेतला की गोळीपेक्षा छान झोप लागते, आणि डॉक्टरला विचारू नका कारण तो नाहीच म्हणणार. मी फार्मसिस्ट आहे, वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, आणि यंदा तिघांनी मोबाईल पुढे करून विचारलं, "ताई, हे बरोबर आहे ना?" बरोबर नाहीये, आणि का नाही ते काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी ते चार तासांचं अंतर. गोळी पोटात विरघळली म्हणजे संपली असं नसतं. क्लोनाझेपाम ही टेन्शनसाठी दिली जाणारी गोळी घेतलीत तर त्यातलं अर्धं औषध अंगातून जायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात, उरलेल्याचं अर्धं जायला परत तेवढेच. डिप्रेशनच्या गोळ्यांत एस्सिटालोप्रामचंही ३० तासांच्या आसपास, आणि फ्लुऑक्सेटिन रोज घेणाऱ्याच्या अंगात तर गोळी बंद केल्यावरही काही आठवडे त्याचा अंश राहतो. मग आठला गोळी आणि बाराला पेग, यात अंतर पडलं कुठे?

यावरूनच पहिल्या सल्ल्याचं उत्तर मिळतं, आणि माझ्या मते अख्ख्या मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे, "त्या दिवशी गोळी घेऊ नका". कालची, परवाची गोळी अंगात आहेच, म्हणजे दारू तिच्यावरच पडणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारूचा उतार आणि औषधाची घसरलेली पातळी दोन्ही एकदम अंगावर येतं. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनच्याच गोळ्या घेणाऱ्यांना विचारा, एक डोस चुकला तरी काहींना चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. गटारी एक दिवसाची नसते हेही आपल्याला माहितीये, मग एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि बायपोलरच्या, म्हणजे मन कधी खूप वर तर कधी खूप खाली जाण्याचा आजार असलेल्या माणसाने असे डोस चुकवले तर महिनोन्महिने सांभाळून आणलेली तब्येत बिघडायला वेळ लागत नाही.

आता नेमकं होतं काय. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, ते मेंदूचा वेग कमी करतं. क्लोनाझेपाम आणि तिच्याच जातीच्या अल्प्राझोलाम, लोराझेपाम या गोळ्या याच रसायनाचा जोर वाढवतात आणि दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आलं की झोप खोल जाते, श्वास मंदावतो, उलटी झाली तर कूस वळवायची शुद्ध राहत नाही आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. घरातले म्हणतात झोपू दे, उतरेल. कृपा करून एवढं लक्षात ठेवा, गोळ्या घेणारा माणूस पिऊन झोपलाय आणि हलवून, हाक मारून उठत नाहीये, घोरणं विचित्र वाटतंय, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतोय, तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा, लिंबू पाजायला, कॉफी पाजायला, मिठाचं पाणी देऊन उलटी काढायला जाऊ नका. घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

बिअरला काही होत नाही म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचे आकडे बघावेत. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. ३० मिली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची धरली तर त्यात १३ मिलीपेक्षा थोडं कमी. म्हणजे एक बाटली बिअर म्हणजे चार छोटे पेग झाले. मंद लागते म्हणून माणूस दुसरी उघडतो. वाइनचंही तेच, फक्त आकडे वेगळे.

झोपेचा मुद्दा थोडक्यात. पेगने झोप लवकर लागते हे खरंय, पण मध्यरात्रीनंतर ती तुटत जाते. आणि झोल्पिडेम ही झोपेची गोळी घेणाऱ्याने त्या रात्री दारू घेतली तर झोपेतच उठून चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं आणि सकाळी काहीच न आठवणं हा धोका वाढतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एस्सिटालोप्राम घेणाऱ्याने लग्नात एक पेग घेतला म्हणून बहुतेक वेळा लगेच काही होत नाही, आणि म्हणूनच हा मेसेज लोकांना पटतो, कारण प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा असतोच. पण दारू स्वतःच मन खाली ओढते, मग औषध लागू पडत नाही असं वाटून डोस वाढतो, आणि नको ते विचार येणाऱ्या माणसाचा स्वतःवरचा ताबा दारूने सुटतो. शिवाय त्याच्या गोळीवरून तुमच्या गोळीचं ठरवता येत नाही. बायपोलरसाठी देतात त्या लिथियमचंच उदाहरण बघा. रक्तात ते साधारण ०.६ ते १.२ (मिलीमोल प्रति लिटर) एवढ्यातच ठेवायचं असतं, १.५ च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. दारूने लघवी वाढते, उलट्या होतात, पाणी कमी पडतं आणि पातळी चढते. मग हात थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते, आणि घरच्यांना वाटतं चढलीये.

मेसेजातला शेवटचा सल्ला, "डॉक्टरला विचारू नका". लपवण्याने काय होतं ते मी काउंटरवर बघते. एकदा एक बाई नवऱ्यासाठी डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायला देतात त्या गोळीची, चिठ्ठी घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, आमटीत घालून दिली तर कळणार नाही ना त्यांना? त्यांची अगतिकता मला कळत होती, पण ही गोळी पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम पडू शकतं, आणि हा परिणाम गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. न सांगता द्यायचं हे औषधच नाही. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि ती गोळी दिली नाही.

आणि रोज पिणाऱ्याने हे वाचून आज रात्रीच एकदम बंद करायचं असंही करू नका, त्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. डॉक्टरला फक्त किती मिली, आठवड्यातून किती वेळा आणि शेवटची कधी एवढं खरं सांगा. लगेच भेट होत नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

परवा त्या तिघांपैकीच एक पोरगा परत आला, पंचवीस-सव्वीसचा असेल, म्हणाला मी दोन दिवस गोळी घेतली नाहीये, आता काय करू, एकदम दोन-तीन घेऊ का? मी म्हटलं अजिबात नाही, आणि त्याला तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले आज रात्रीची ठरलेली एकच गोळी घे, दारू नको, आणि सोमवारी येऊन भेट.