हॉटेलसाठी जागा बघताय? आधी टेप आणा

रिंगरोडमध्ये जमीन गेली. मोबदला खात्यात पडला. दारात फॉर्च्युनर आली, तिला मनासारखा नंबरही मिळाला. आता उरलेल्या पैशाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसेल, कारण उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हॉटेल टाकायचं. हॉटेल म्हणजे पोहे-मिसळीचं नव्हे, 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'. यातली फॅमिली बोर्डावर असते, बार आत असतो.

नावाची घाई मात्र करू नका. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की, जिथे दारू मिळते तिथल्या पाटीवर महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत. म्हणजे तुमच्या डोक्यातलं पहिलं नाव बाद. दुसरंही बाद. धाकट्या लेकीच्या नावावर कुठलीच बंदी नाही, ते खुशाल लाल-निळ्या दिव्यांत लावा.

आता जागा. लोक सांगतील, वर्दळ बघा, गाड्या लावायला ऐसपैस जागा बघा, बोअरला पाणी बघा. असल्यांचं ऐकू नका, त्यांनी जन्मात लायसन काढलेलं नसतं. बारची जागा डोळ्यांनी बघायची नसते, टेपने मोजायची असते. शाळा आणि देऊळ यांच्यापासून 75 मीटर. तेही हवेतून नाही, पायी माणूस ज्या वाटेने जातो त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत. पायी माणूस म्हणजे पिण्याआधीचा की प्यायल्यानंतरचा, हे मी मोजायला आलेल्या माणसाला विचारलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि टेपचं एक टोक माझ्याच हातात दिलं.

हे माझ्या मावसभावाच्या जागेचं सांगतोय. तालुक्याला जाणारा रस्ता, रस्त्याला लागून वीस गुंठे, समोरून एसटी, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या. दुपारी बाराचं ऊन. टेप तीस मीटरचा, त्यामुळे तीनदा टाकायचा आणि दर वेळी रस्त्यावर खडूने खूण करायची. मी मारुतीच्या उंबऱ्यापाशी टोक धरून उकिडवा बसलेलो. पहिले तीस, दुसरे तीस, मग अकरा. एकूण एक्काहत्तर. चार मीटर कमी. भावाचं तोंड असं झालं की मारुतीलाही वाईट वाटावं.

पण अशा वेळी सल्लागार असतो. प्रत्येक तालुक्यात असतो, कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसलेला. तो म्हणाला, "दादा, देव हलत नाही. दार हलवा." रस्त्याकडचं तोंड वीटबांधकामाने बंद केलं आणि दार मागे काढलं, गोठ्याच्या अंगाने. पुन्हा टेप टाकला तर एकशे बारा मीटर! दुसऱ्याच दिवशी पेढे वाटले, पहिला पेढा मारुतीला.

मावशी तेवढं विचारत होती, "अरे, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसती भिंतच दिसणार. म्हशीच्या मागनं इथं येणार कोण?" तिला कुणी उत्तर दिलं नाही. अर्जात तसा रकाना नव्हता.

जागा हायवेला असेल तर छातीवर हात ठेवून पुढचं वाचा. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. तो 1 एप्रिल 2017 पासून लागू व्हायचा होता. आदल्या दिवशी न्यायालयाने त्यात थोडी सूट दिली: जिथली लोकसंख्या वीस हजार किंवा त्याहून कमी आहे, तिथे 220 मीटर. म्हणजे लहान गावातल्या माणसाला कमी चालावं लागेल, ही काळजी घेतली गेली. तेव्हा देशाने जी बुद्धी चालवली, तिला तोड नाही. केरळात उत्तर परावूरच्या एका बारवाल्याने हायवेपासून दारापर्यंत नागमोडी बोळ बांधला. दीडशे मीटरवरचा बार पायी चालणाऱ्याला पाचशे मीटर लांब गेला, आणि बार मात्र जागचा हलला नाही. आपल्याकडे त्याहून सोपी युक्ती निघाली. बार हलवण्यापेक्षा हायवेच हलवा. काही शहरांतून जाणारे रस्ते कागदावर अवर्गीकृत करून, म्हणजे हायवेच्या यादीतून काढून, महापालिकेच्या गळ्यात घातले. तोच रस्ता, तेच खड्डे, तोच बंद पडलेला सिग्नल, फक्त जात बदलली. पुढे जुलै 2017 मध्ये न्यायालयानेच सांगितलं की, शहराच्या हद्दीतल्या परवान्यांना हे लागू नाही. ज्यांनी बोळ बांधले त्यांनी काय करावं, हे कुणी सांगितलं नाही.

समृद्धीला शेत लागून असेल तर मात्र अभिनंदन. मुंबई-नागपूर 701 किलोमीटरचा रस्ता, आणि दिवसरात्र श्रीमंत गिऱ्हाईक तुमच्या डोळ्यांसमोरून ताशी 120 ने जातंय. मध्ये फक्त कुंपण आहे. त्यांना तुमची पाटी दिसेल, तुम्हाला त्यांच्या काचा दिसतील. इतका जवळचा संबंध दुसऱ्या कुठल्या धंद्यात येत नाही.

दारूबंदीच्या जिल्ह्याची शीव हीही भारी जागा. वर्धा 1975 पासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपूर 2015 ला कोरडा झाला तेव्हा नदीपलीकडच्या वणीकडे लोकांचं जाणं-येणं वाढलं. नातेवाईक म्हणाल तर तितके नव्हते. पण 2021 ला चंद्रपूरची बंदी उठली. तेव्हा शिवेवर पैसा घालताना सरकारची तब्येत रोज बघत चला.

गावात जागा घ्यायची तर आधी बचतगट बघा. जिथल्या बायका मिटिंगला वेळेवर येतात, त्या गावात वीटसुद्धा रचू नका. दुकान बंद करा म्हणून पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान लागतं. एका बाजूला उभी बाटली, दुसऱ्या बाजूला आडवी. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. हे महाराष्ट्रातलं एकमेव मतदान असावं जिथे रात्री बाटली वाटून सकाळी मत मिळत नाही.

शहरात असाल तर गच्ची बघा. वारा, दिवे, बांबूच्या चटया, वर ताडपत्रीचं छत. फोटो झकास येतात. गच्चीवर येणारा दृश्य बघायला येतो, दुसरा जिना कुठे आहे हे विचारायला येत नाही. लोअर परळच्या कमला मिलमध्ये डिसेंबर 2017 मध्ये गच्चीवरचा पब पेटला आणि 14 माणसं गेली. त्यानंतर काही आठवडे सगळीकडे तो प्रश्न विचारला गेला, हातोडेही पडले. मग पुन्हा ताडपत्र्या चढल्या. जिन्याची रुंदी मोजायलाही हाच टेप चालतो, पण तो शाळा आणि देऊळ मोजण्यात गुंतलेला असतो.

एक राहिलंच. सगळं जमून आलं की आतल्या खोलीवर 'परमिट रूम' अशी पाटी लागते. परमिट फक्त मालकाला लागतं असं तुम्हाला वाटत असेल. 1949 च्या कायद्याने पिणाऱ्यालाही लागतं, एका दिवसाचं पाच रुपयांत. तुमच्या ओळखीत कुणाच्या खिशात ते सापडलं तर त्याला जेवण फुकट ठेवा. त्यापायी धंदा बुडणार नाही, याची हमी माझी.

मावसभावाच्या हॉटेलचं उद्घाटन दणक्यात झालं. आमदार गोठ्याच्या बाजूने आले, म्हशीने त्यांच्याकडे बघून मान फिरवली. पहिल्या महिन्यात रोज सात-आठ टेबलं लागत होती, बहुतेक भावकीतली आणि उधारीची. दुसऱ्या महिन्यात कॅप्टन गेला, मग आचारी. तंदूरमध्ये कोंबडीने अंडी घातली, तेवढंच काय ते चिकन तंदूरपर्यंत पोचलं. आता संध्याकाळी भाऊ रस्त्याकडच्या भिंतीला टेकून उभा असतो आणि जाणाऱ्या एसट्या मोजतो.

तर तुम्ही खरोखरच जागा बघत असाल तर कळवा. वीस गुंठे, बांधकाम तयार, खुर्च्या जवळजवळ नव्या. देवळापासून एकशे बारा मीटर, मी स्वतः टोक धरलेलं आहे. भाव बसून ठरवू. येताना मागच्या बाजूने या आणि म्हशीच्या डाव्या अंगाने या, उजवीकडून ती लाथ मारते.