शेवट असलेले गेम खेळा (रागात लिहितेय, सांभाळून घ्या)

आज सोसायटीच्या हॉलमध्ये पालकांसाठी कार्यक्रम होता, विषय 'मुलं आणि गेमिंग'. मला मूलबाळ नाही, पण विषय माझा आणि शेवटी समोसे, म्हणून गेले. एक समुपदेशक आले होते. सुरुवातीच्याच एका स्लाइडवर ओळीने तीन चित्रं: मारिओ, बंदूक घेतलेला हेल्मेटवाला आणि रमीची जाहिरात. खाली लाल अक्षरांत 'व्यसन'. मी हात वर केला. म्हटलं, सर, हे तीन अगदी वेगळे प्रकार आहेत. ते हसले. बाईमाणूस गेमबद्दल काही बोललं की जे हसू येतं ना लोकांना, तेच. "मॅडम, शेवटी स्क्रीन ती स्क्रीनच." टाळ्या पडल्या. समोसा न खाता आले.

तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. आपण सगळे चौसष्ट गेमची कॅसेट फुंकून लावत वाढलेलो आहोत. गेम खेळून कुणी वाया जात नाही हे आपल्याला पाठ आहे. पण गेल्या काही वर्षांत या धंद्यात जे चाललंय त्यावर मीही भडकलेली आहे, आणि नेमकं तेवढंच सोडून त्या हॉलमध्ये सगळं बोलून झालं.

भाच्याची गोष्ट सांगते. मे महिन्यात ताईचा मुलगा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आला. बारा वर्षांचा. रोज पहाटे साडेपाचला जागा. आई नुसती खूश. "बघ, सुट्टीतसुद्धा लवकर उठतो. नाहीतर तू." एके दिवशी पाणी प्यायला उठले तर चादरीच्या आत उजेड. हळूच पाहिलं. अंगठा भराभर चाललेला. लाल ठिपका, पेटी, पेटीतून सोनेरी झगमगाट, नाणी. पुढचा लाल ठिपका, पुढची पेटी. मग फोन उशीखाली आणि साहेब पुन्हा गाढ झोपले. खेळला नाही हो! एक मिनिटसुद्धा खेळला नाही. सकाळी विचारलं तर म्हणे, "मावशी, डेली रिवॉर्ड साडेपाचला रीसेट होतो." ग्रीनिचच्या वेळेने रात्रीचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, म्हणून. दिवसभरात कधीही घेता आला असता, पण दिवसा फोन आजीच्या कपाटात. रोज गेलं नाही तर स्ट्रीक, म्हणजे सलग हजेरीची साखळी, तुटते.

याला गेम म्हणायचं? मी ऑफिसात सव्वानऊला यंत्रावर अंगठा लावते, तसलीच ही हजेरी. मला निदान महिन्याला पगार तरी मिळतो.

आणि हे फुकटातल्या मोबाइल गेमपुरतं आहे असं समजू नका. पाच हजारांच्या घरातले गेम घ्या. २०२० चा 'असॅसिन्स क्रीड व्हालहाला' घ्या. इंग्लंडचा तो हिरवा पाऊसओला मुलूख, नदीतून जाणारी होडी, होडीत गाणारे खलाशी. पहिले पंधरा तास मी खुळी झाले होते. नंतर तोच किल्ला, तोच राजा, तीच युती, पुढचा परगणा. नुसती मुख्य कथा साठ तासांच्या आसपास जाते. वर पूर्ण किमतीच्या, एकट्याने खेळायच्या गेमच्या पोटात चिलखतं आणि घोडे विकणारं दुकान! गोष्ट सांगायला बसलेला माणूस मध्येच उठून गल्ला उघडतो का? 'स्टारफील्ड'ने २०२३ मध्ये हजारावर ग्रह दिले. उतरा, चाला, तोच तळ. दुसऱ्या ग्रहावर उतरा, पुन्हा तोच तळ, आतल्या खोल्यासुद्धा त्याच जागी. जहाज बांधायची मजा आहे, मान्य. पण हजार ग्रह कुणी मागितले होते? मला दहा द्या, आणि दहांवर काहीतरी असू द्या.

मोठ्या कंपन्यांना आता संपणारी वस्तू विकायचीच नाहीये, ही खरी गोम. संपली की गिऱ्हाईक उठून जातं. म्हणून सीझन, म्हणून बॅटल पास (पैसे भरून उघडायची, मुदतीतली बक्षिसांची यादी), म्हणून 'आणखी तीन दिवसांत निघून जाईल' असा घड्याळाचा धाक. सोनीचा ऑनलाइन गेम 'कॉनकॉर्ड' आठवतो? २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद. पैसे परत केले, बरं केलं. पण कित्येकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं जे बनलं होतं ते आज बघायलाही मिळत नाही. वाईट सिनेमासुद्धा कुठेतरी शिल्लक राहतो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा. अख्खी अमेरिका गाडीने फिरायची. एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागायचंच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क घेतली होती त्यांच्या हातात गोल प्लास्टिक उरलं. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू झाली, आणि युरोपात तिने दहा लाखांवर सह्या जमवल्या. आपल्याकडे मात्र स्क्रीन ती स्क्रीनच.

भाच्याकडे परत येते, कारण डोक्यातून जातच नाहीये. त्याच सुट्टीत आम्ही सगळे भंडारदऱ्याला गेलो. राहिलो तिथे रेंज नाही. पोरगं पहाटेपासून अंगणात फोन वर धरून फिरतंय. समोर धरण, धुकं, आणि हा रडकुंडीला आलेला. घाट उतरून रेंज आली तेव्हा स्ट्रीक तुटलेली. आणि आता ऐका. गेमने काय दाखवावं? 'तुमची स्ट्रीक परत मिळवा' आणि खाली रुपयांत आकडा! आधी भीती घालायची आणि मग तिच्यावरचा उतारा विकायचा. हे ज्याने कुठल्या तरी काचेच्या इमारतीत बसून डिझाइन केलं त्याला माझी आई भेटायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदीचा कायदा आला, छान झालं. बेल्जियमने २०१८ मध्येच लूट बॉक्सला (आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना) जुगार ठरवलं होतं. पण बारा वर्षांच्या पोराला पहाटे उठवणाऱ्या या हजेरीला कुठलं कलम लावायचं?

हो, कळतंय, आता कोणीतरी लिहील की फुकट गेममुळेच खेड्यापाड्यातल्या पोरांना खेळायला मिळालं. बरोबर आहे. दहा-बारा हजारांच्या फोनवर 'बीजीएमआय' हा फुकटातला बंदुकांचा गेम चालतो, चौघं मित्र चार गावांतून एकत्र खेळतात, आणि कन्सोल घेणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही. मानलं. झालं समाधान?

त्या ट्रिपवरून आल्यावर मी त्याला म्हटलं, चल, माझा गेम खेळू. 'इट टेक्स टू' लावला. २०२१ चा, त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर. दोघांशिवाय खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या बेतात असलेले नवरा-बायको बाहुल्या होतात आणि आपल्याच घरात, बागेत, शेडमध्ये अडकतात. एकाकडे खिळे, दुसरीकडे हातोडा. तू खिळा मार, मी त्याला लटकून पलीकडे जाते. दर तासाला नवीन काहीतरी, आणि कंटाळा यायच्या आत ते टाकून पुढे. व्हॅक्यूम क्लीनरशी मारामारी चालू असताना आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. भाचा मला "मावशी, तू गप्प उभी राहा, मी सांगेन तेव्हा उडी मार" असं दरडावत होता. याला म्हणतात खेळणं.

पण त्यातला हत्तीणीचा प्रसंग. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं असेल. मुलगी रडली तर शाप उतरेल असं आई-बापाला वाटतं, म्हणून ते तिच्या लाडक्या खेळण्यातल्या हत्तिणीला ओढत नेऊन कड्यावरून ढकलतात. ती गयावया करते. तिचा कान फाटतो. आणि हे सगळं तुम्ही करायचं, दोघांनी मिळून बटण दाबून. भाच्याने कंट्रोलर सोफ्यावर ठेवला. "मी नाही ओढणार." बराच वेळ हत्तीण तशीच, आम्ही तसेच. गेममध्ये दुसरा रस्ताच नाही. शेवटी मी दोन्ही कंट्रोलर मांडीवर घेऊन ओढलं आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला.

माझं मत विचाराल तर हा त्या गेमचा सगळ्यात ताकदीचा आणि सगळ्यात पोकळ प्रसंग. ताकदीचा, कारण बारा वर्षांच्या पोराने हातातला खेळ खाली ठेवला. पोकळ, कारण पुढे त्याचं काहीच होत नाही. मुलगी रडते, हे दोघे तिच्या अश्रूंत नाचतात, शाप काही उतरत नाही, आणि गोष्ट पुढच्या गमतीकडे निघून जाते. इतकं क्रूर काही माझ्या हातून करवून घेतलंत तर त्याचा हिशोब द्या की! त्यात ते प्रेमाचे धडे देणारं बोलकं पुस्तक. कंबर हलवत दर वेळी तेच. त्याला कड्यावरून ढकलायचं बटण असतं तर मी दोन वेळा दाबलं असतं.

बरं, आता जरा शांत झालेय. चहा झाला.

२०२५ चा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' घ्या. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या छोट्या स्टुडिओचा पहिलाच गेम. एक चित्रकर्ती दर वर्षी दगडावर एक आकडा लिहिते आणि त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन विरून जातात. दर वर्षी आकडा एकाने कमी. गावात म्हातारं कुणी उरलेलंच नाही. (मी त्या गावात असते तर कधीचीच पाकळी झाले असते.) पहिल्या अर्ध्या तासात गुस्ताव्ह हातात गुलाब घेऊन आपल्या जुन्या प्रेयसीला बंदरापर्यंत सोडायला जातो. तेहतीस वर्षांची आहे ती, आणि आकडा तेहतीसचा आहे. दोघांनाही ते माहीत असतं, आणि बोलतात मात्र इकडचं तिकडचं. एवढ्यावर मी गेमला शरण गेले. दोष आहेतच. आत नकाशा नाही, सगळ्या वाटा सारख्या, मी गोल गोल फिरले. किनाऱ्यावरच्या त्या उड्या मारायच्या स्पर्धा कुणी केल्या त्याला विचारायला हवं. आणि तिसऱ्या अंकात इकडेतिकडे हिंडून आलात तर तुमची ताकद इतकी वाढते की शेवटची लढाई दोन-चार फटक्यांत आटोपते, सगळा चढलेला ताण फुस्स. तरीही. तीसेक तासांत गोष्ट सांगितली, निवड माझ्यावर सोपवली आणि संपली. डिसेंबरात गेम ऑफ द इयर मिळालं तेव्हा मी घरात एकटीच ओरडले.

'एल्डन रिंग'चं नाव काढलं नाही तर तुमच्यातले निम्मे मला अनफ्रेंड करतील. २०२२ चा, माझ्याने अजून पुरता झालेला नाही, शेवटाकडे तेच तेच राक्षस पुन्हा समोर आणतात, त्यातल्या मॅलेनिया नावाच्या महाकठीण शत्रूला माझा कोपरापासून नमस्कार. पण तो गेम मला कधी बोलवत नाही. कामांची यादी नाही, लाल ठिपका नाही. महिन्याने गेले तरी सोडलं तिथेच. आणि 'बलाट्रो'ला शेवट असा नाहीच, मग माझ्या शीर्षकाचं काय, असं कुणीतरी शहाणं विचारणार. एका माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, २०२४ चा, रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. ठीक आहे, धरा मला त्यात. पण मी स्वतःहून जाते तिकडे. दुसऱ्या दिवशी नाही गेले तर तो माझं काही काढून घेत नाही.

आणि आपल्या पुण्यातला 'राजी'! नॉडिंग हेड्स गेम्स, २०२०. किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत तरी केला. डोंबाऱ्याच्या खेळातली पोर, हरवलेल्या भावाला शोधत निघालेली. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या, आणि वर बसून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसांत गप्पा मारतात. एका चौकात मी नुसती उभी राहिले, जाळीतून पडलेला उजेड बघत. लढाई अडखळते, कॅमेरा भलतीकडे बघतो, आणि शेवट असा तुटतो की वाटतं वीज गेली. शेवट हवा म्हणतेय मी, पण असाही नव्हे! तरी पाच-सहा तासांच्या त्या गेमने मला जे दिलं ते त्या हजार ग्रहांनी दिलं नाही. हे मी पुण्याची म्हणून म्हणत नाहीये, मी ठाण्याची आहे.

'इट टेक्स टू' आम्ही भाच्याची सुट्टी संपायच्या आदल्या रात्री पूर्ण केला. नावं वर सरकायला लागली. तो बघत बसला. "मावशी, आता उद्या काय मिळेल?" म्हटलं, काही नाही, संपला. "म्हणजे उघडायचाच नाही?" नको उघडू. त्याला ते पटेना. मग म्हणाला, "तो हत्तीणीचा भाग नसता तर मी परत खेळलो असतो." इतकं नेमकं परीक्षण मी इंटरनेटवर वाचलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठला का, हे मी बघायला गेले नाही.

त्या समुपदेशकांना माझं एवढंच म्हणणं होतं की साहेब, एकदा शेजारी बसून खेळून बघा. पण माइक त्यांच्याकडे होता.

असो. ज्यांच्या घरी पोरं आहेत आणि काय लावायचं कळत नाही त्यांच्यासाठी: 'इट टेक्स टू'वाल्यांचाच नवा 'स्प्लिट फिक्शन' घ्या, २०२५ चा. खलनायक पुठ्ठ्याचा आहे, संवाद बेताचे, पण एका ठिकाणी तुम्ही दोघं डुकरं होता आणि पुढे सॉसेज, पोरं लोळतात. दोघांत एकानेच विकत घेतला तरी चालतो. एका घरात खेळायला दोन कंट्रोलर लागतात. नसेल दुसरा तर ठाण्यातल्यांनी माझ्याकडून न्या, फक्त चार्ज करून परत आणा. काळा न्या. पांढऱ्याची डावी स्टिक आपोआप वर सरकते.