गणित सोडण्याआधी
वैद्यकीय शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पदवीपूर्व (अकरावी-बारावीच्या) विज्ञानात गणित सोडावे, म्हणजे ओझे कमी होते, हा एका लेखातील सल्ला मला सरसकट पटत नाही. उदाहरणार्थ, सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा अंक) एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातील प्रमाण) 10 पट वाढते. लॉगॅरिदम (एखादी संख्या 10 चा कितवा घात आहे, हे सांगणारे गणित) ठाऊक नसलेला विद्यार्थी हे नुसते पाठ करतो, आणि कलनाशिवाय (कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या दराचे गणित) वेग-त्वरणाची सूत्रे शिकतानाही त्याची तीच गत होते. गणित घेणे शक्यच नसेल, तर निदान हे दोन भाग स्वतंत्रपणे करून घ्यावेत. शिवाय प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेपेक्षा (ती बहुधा जाहिरातच असते) वेळापत्रक मागून पाहावे; प्रात्यक्षिकांना किती तास दिले आहेत आणि हवे असलेले दोन विषय एकाच वेळी तर ठेवलेले नाहीत ना, हे त्यातूनच कळते.