धडक बसते, पण पक सुटत नाही

आईस हॉकीच्या व्हिडिओ गेममधल्या बॉडी चेकवरून, म्हणजे अंगाने दिलेल्या धडकेवरून (आम्ही तिलाच हिट म्हणतो), आमच्या खेळणाऱ्या मंडळींत सध्या बरीच धुसफूस चालू आहे आणि तिच्यात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते हिट फार दुबळे झाले आहेत, तर दुसऱ्याच्या मते ते अजूनही इतके जोरकस आहेत की पासिंग करून खेळणाऱ्याला जगूच देत नाहीत. राग दोघांचाही खरा आहे, निदान मात्र दोघांचेही चुकले आहे असे मला वाटते. आपला हिट का फसला आणि समोरच्याचा का लागला, हे खेळणाऱ्याला उमगत नाही, हे यातले खरे दुखणे आहे. आणि ते उमगत नाही, कारण गेमने हिटचा हिशोब मुळातच भलत्या गोष्टीवर बसवला आहे. गेमचे नाव येथे लिहीत नाही. कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाही, खेळाच्या रचनेबद्दल बोलायचे आहे.

महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. आपल्याकडे हॉकी म्हटले की टर्फवरचे मैदान डोळ्यांपुढे येते आणि तिथे अंगाने अडवणे हा फाऊल असतो. आईस हॉकीत चित्र वेगळे आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची रिंक (बर्फाचे मैदान) 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते, चारही बाजूंनी बोर्डांची भिंत असते आणि ज्याच्या ताब्यात पक (चेंडूऐवजी वापरायची रबरी चकती) आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडक देणे नियमात बसते. या धडकेचा हेतू माणूस आडवा करणे हा नसून माणूस आणि पक यांची ताटातूट करणे हा असतो. कॅनडात मुलांना चेकिंग शिकवताना हॉकी कॅनडाने चार पायऱ्या ठरवल्या आहेत. आधी जागा धरणे आणि कोन साधून प्रतिस्पर्ध्याला कडेला नेणे, मग स्टिकने पक काढणे, मग अंगाला अंग लावण्याची सवय, आणि बॉडी चेक सर्वांत शेवटी. 2013 मध्ये तर अकरा-बारा वर्षांच्या पीवी गटातून बॉडी चेकिंग पूर्णपणे काढून टाकण्यात आले. ज्या देशात या खेळाचे वेड घराघरांत आहे, तिथे धडक ही पहिल्या तीन पायऱ्या नीट चढल्यावर मिळणारी गोष्ट आहे. कबड्डी पाहणाऱ्यांना हे चटकन पटेल: चांगला कव्हर उगाच अंगावर धावून जात नाही, चढाईपटूला रेषेजवळ जाऊ देतो आणि त्याचा तोल पुढच्या पायावर गेला की एकाच डॅशमध्ये त्याला मैदानाबाहेर घालवतो.

आता गेममध्ये काय होते ते पाहा. मी डिफेन्समन आहे. समोरचा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) उजव्या बोर्डाच्या कडेने माझ्या ब्लू लाइनच्या आत, म्हणजे आमच्या बचावाच्या भागात, शिरतो. मी उलटे स्केटिंग करत त्याच्यापासून स्टिकभर अंतर राखले आहे, मधली वाट बंद केली आहे आणि त्याच्यासाठी बोर्डालगतची चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी ठेवली आहे. तो त्या पट्टीत शिरताच मी कंट्रोलरची राइट स्टिक त्याच्या दिशेने ढकलतो. माझा गडी खांदा घालतो, कंट्रोलर हातात थरथरतो, विंगर बोर्डावर आदळतो, त्याचा एक गुडघा वाकतो. आणि पक? पक त्याच्या स्टिकच्या पात्याला डिंकाने चिकटवल्यासारखा तिथेच आहे. विंगर गुडघा सरळ करून पुढे निघतो, माझा गडी मात्र धडकेच्या अॅनिमेशनमध्ये अडकून अर्धा-पाऊण सेकंद जागचा हलत नाही. तेवढ्यात गोलसमोर पास जातो, वन-टायमर (पास न थांबवता मारलेला फटका) बसतो आणि गोलचा लाल दिवा लागतो. पुढच्याच शिफ्टमध्ये (बर्फावरच्या पाळीत) समोरचा एक गडी रिंकच्या दुसऱ्या टोकापासून स्प्रिंटचे बटण दाबून सरळ रेषेत धावत येतो, कोन नाही, अंतराचे भान नाही, आणि माझा सेंटर (मधला आक्रमक) हवेत उडून पाठीवर आपटतो. पक सुटतो आणि पलीकडे जल्लोष सुरू होतो.

ही दोन दृश्ये शेजारी ठेवून थोडे गणित मांडले की गोम लक्षात येते. उदाहरणादाखल विंगरचा वेग सेकंदाला 9 मीटर धरू आणि त्याच दिशेने उलटे सरकणाऱ्या माझ्या डिफेन्समनचा 7 मीटर. दोघांमधला सापेक्ष वेग उरतो फक्त 2 मीटर. उलट समोरून 8 मीटरच्या वेगाने कोणी अंगावर आला, तर हाच सापेक्ष वेग 17 मीटर होतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटरच्या वर. टक्करीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने या दोन धडकांमधला फरक साडेआठपट राहत नाही, तो 72 पटींवर जातो. गेमने हिटचे यश टक्करीच्या जोरावर ठरवले, तर शास्त्रशुद्ध बचाव करणारा दर वेळी कमी गुण घेणार आणि डोळे मिटून धावत सुटणारा दर वेळी बक्षीस नेणार, हे ओघानेच आले. गंमत अशी की खऱ्या खेळात दुरून वेग घेत येऊन अशी आडदांड धडक देण्याला चार्जिंग म्हणतात आणि त्यासाठी पेनल्टी मिळते. नियमपुस्तकात ज्याला गुन्हा म्हटले आहे, ते गेममध्ये कौशल्य म्हणून खपते.

भौतिकशास्त्र खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. संथ वेगातली धडक माणसाला उडवणार नाही, हे बरोबरच आहे, आणि मला त्याला उडवायचेही नाही. प्रत्यक्षात बोर्डावर दाबला गेलेला विंगर पडत नाही, पण त्याचे हात अडकतात, स्टिकचे पाते बर्फावरून उचलले जाते आणि पक मागे राहतो. अशा गेममध्ये शरीरांची टक्कर आणि पकवरचा ताबा यांचा हिशोब सर्वसाधारणपणे वेगवेगळा चालतो: टक्कर मोजून पडणे, अडखळणे किंवा नुसते हलणे यांपैकी एक अॅनिमेशन निवडले जाते, आणि पक खेळाडूच्या ताब्यात आहे की नाही ही नोंद निराळी ठेवली जाते. माझा तर्क असा की पडण्याच्या अॅनिमेशनबरोबर ती नोंद पुसली जाते, पण अडखळण्याबरोबर बहुतेकदा पुसली जात नाही. म्हणून अडखळलेला गडी पकसकट सावरतो आणि त्याला अडवणारा मात्र मागे पडतो.

यावर कोणी म्हणेल, गेम आहे, त्यात सगळे खऱ्यासारखे कशाला हवे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर याच खेळाच्या इतिहासात सापडते. सेगा जेनेसिसवरचा ‘एनएचएल 94’ आजही लोक स्पर्धा भरवून खेळतात. त्या गेममध्ये वजनाचे गणित चक्क उलटे बसले होते, प्रोग्रॅमिंगमधल्या चुकीमुळे हलका खेळाडू जड खेळाडूला सहज पाडत असे. वास्तवाच्या दृष्टीने याहून मोठी चूक शोधून सापडणार नाही. तरीही त्या गेमवर लोकांचा जीव आहे, कारण ती चूक प्रत्येक सामन्यात, प्रत्येक धडकेत तशीच होती. खेळणाऱ्यांनी ती ओळखली, हलके गडी कोणते ते पाठ केले, संघनिवडीची गणिते त्यावर बसवली. नियम चुकीचा असला तरी चालतो, पण तो ठाम असावा लागतो. आजच्या गेममध्ये वेग, वजन, कोन, तोलाचे रेटिंग, चेकिंगचे रेटिंग, दमछाक अशा कितीतरी गोष्टी एकाच क्षणी एकमेकींत मिसळतात आणि पडद्यावर फक्त निकाल दिसतो. हरलो याचे वाईट वाटते, ते ठीक आहे; पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे, याचा मात्र काहीच सुगावा लागत नाही.

त्यात ऑनलाइन खेळण्याची भर. मी टोरांटोत आहे आणि आमच्या संघातले दोन गडी पुण्याहून खेळतात, म्हणून हे पुरेपूर अनुभवले आहे. मुंबई ते टोरांटो हे सरळ अंतरच साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे वाटेत काहीही अडथळा नाही असे धरले तरी जाऊन-येऊन 125 मिलिसेकंद लागतात, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, म्हणून पिंग (संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या वर जातो. सेकंदाला 60 फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये 200 मिलिसेकंद म्हणजे 12 फ्रेम. सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारा स्केटर तेवढ्या वेळात 2 मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे अख्ख्या स्टिकच्या लांबीपेक्षाही जास्त. पुण्यातल्या मित्राने ज्याला धडक दिली तो माणूस त्या जागेवरून केव्हाच निघून गेलेला असतो. त्याने खेळ शिकायचा तरी कसा? (त्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे हिट मारायचेच नाही, फक्त पोक चेक करत, म्हणजे स्टिकने पक ढोसत, राहायचे. आमच्या संघातला सर्वांत सभ्य डिफेन्समन तोच आहे, नाइलाजाने का होईना.)

हीच अडचण इंटरफेरन्सच्या, म्हणजे पक ताब्यात नसलेल्याला अडवल्याच्या, शिट्टीत दिसते. एनएचएलच्या नियमानुसार पकला शेवटचा स्पर्श करणाऱ्याला, पक सुटल्यानंतर लगेच दिलेली धडक वैध असते. यातला ‘लगेच’ किती लांबवायचा हे रेफरी पाहून ठरवतो: धडक आधीच सुरू झाली होती का, थांबणे शक्य होते का. गेममधला रेफरी अर्थातच आकडा पाहतो. मी राइट स्टिक ढकलली तेव्हा पक विंगरच्या ताब्यात होता, अॅनिमेशन पूर्ण होईपर्यंत त्याने पास सोडला आणि मला दोन मिनिटे शिक्षा झाली. निर्णय बटण दाबले त्या क्षणावरून व्हावा की अंग लागले त्या क्षणावरून, हा बारीक वाटणारा प्रश्न आहे, पण शेवटच्या मिनिटात पेनल्टी किलवर (शिक्षेमुळे एक गडी कमी असताना बचावाला) उभे राहिले की तो बारीक वाटत नाही.

‘तुम्हाला हिट मारता येत नाही, म्हणून रडता’ हे ठरलेले उत्तर याही पोस्टखाली येईल, याची खात्री आहे. चांगले खेळणारे या गेममध्येही हिटवर सामने जिंकतात, हे मला मान्य आहे. पण ते जिंकतात ते कोणत्या अॅनिमेशनमध्ये पक सुटतो हे घोकून. बचाव शिकून नव्हे. शिवाय तक्रारींचा जोर वाढला की कंपनी एक पॅच काढते, हिटचा जोर थोडा वर किंवा खाली करते, आणि घोकलेले सगळे वाया जाते. मग दुसरा तट ओरडू लागतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार आहे.

मला विचाराल तर ताकदीच्या आकड्याला हात लावायची गरजच नाही. बोर्डाला दाबलेल्या खेळाडूचा पकवरचा ताबा कमी करा, म्हणजे तो पडला नाही तरी पक सुटेल. चुकलेल्या धडकेची किंमत धावत आलेल्याकडून वसूल करा; आज तो चुकला तर दोन पावलांत सावरतो आणि जागेवर उभा राहून खेळणारा मात्र जागीच खिळतो. चार्जिंगची शिट्टी वाजू द्या. आणि सराव मोडमध्ये प्रत्येक हिटनंतर सापेक्ष वेग, कोन आणि दोघांचा तोल एका ओळीत दाखवा. फायटिंग गेममध्ये प्रत्येक चालीचा फ्रेम डेटा (ती किती फ्रेम चालते याचे आकडे) सराव मोडमध्ये पाहायला मिळणे ही आता नवलाई राहिलेली नाही, मग हॉकीच्या गेमला ते अवघड का जावे, हे मला समजत नाही.

तोपर्यंत आम्ही आमच्या घरगुती लीगचे सामने ऑफलाइन, एकाच टीव्हीसमोर बसून, स्लायडर (गेममधल्या गोष्टी कमी-जास्त करायचे आकडे) हाताने लावून खेळतो. हिटचा जोर मधल्या आकड्याच्या खाली, पकवरचा ताबा त्याहूनही खाली आणि सावरण्याचा वेळ वाढवलेला, अशी सध्याची मांडणी आहे. तिच्यात कोन साधून दिलेल्या धडकेला बऱ्यापैकी फळ मिळते, पण पासिंग थोडे विस्कळीत होते आणि कॉम्प्युटरचे गडी फारच बावळट वाटू लागतात. कोणी याहून बरी मांडणी बसवली असेल तर आकड्यांसकट खाली लिहावे. पुढच्या शनिवारी वापरून पाहू.