पैठण, गोंडोर आणि नावांची झीज : एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी आपल्या कथांतील नावे मनाला येतील तशी बदलली आणि मागाहून त्यांना व्युत्पत्तीचा मुलामा दिला, त्यामुळे या नावांविषयीच्या माझ्या लेखातील ‘उत्क्रांती’ हा शब्दच चुकीचा आहे, असा आपला आक्षेप आहे. तो मला अर्धा मान्य आहे, कारण बोलण्यातून होणारी झीज आणि वरून केलेला बदल या दोन निराळ्या गोष्टी मी एकाच शब्दाखाली घातल्या होत्या.

हा भेद आपल्या मराठवाड्यातच दिसतो. प्रतिष्ठानाचे प्राकृतात पइट्ठाण आणि पुढे पैठण झाले, भोगवर्धनाचे भोकरदन झाले. ही नावे बोलणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या झिजली. देवगिरीचे दौलताबाद मात्र 14व्या शतकात महंमद तुघलकाच्या इच्छेने झाले आणि त्या दोन नावांत ध्वनींचे काहीही नाते नाही.

टॉल्किन यांनी कथांतील एल्फ लोकांसाठी रचलेल्या क्वेन्या, सिंदारिन इत्यादी भाषांत पहिला प्रकार भरपूर आहे. दगड या अर्थाच्या प्राचीन ‘गोन्दो’ शब्दातील आरंभीचा ‘ग’ क्वेन्या भाषेत गळून ‘ओन्दो’ झाले, तर सिंदारिनमध्ये ‘ग’ टिकला आणि अंत्य स्वर गेला, म्हणून तिथे ‘गोन्द’ आणि त्यावरून कथेतील राज्याचे नाव गोंडोर, दगडांचा देश. (‘पैठण’मधला शेवटचा ‘अ’ आपणही उच्चारत नाही.) क्वेन्यातील ‘अल्तारिएल’ सिंदारिनमध्ये ‘गॅलाड्रिएल’ होते, तेही याच वाटेने. त्याहून मला मोलाचे वाटते ते असे की, या नावाची एल्फ स्त्री वनात राहते म्हणून तिचा पूर्वेतिहास न जाणणारे लोक तिच्या नावात झाड या अर्थाचा ‘गलध’ शब्द शोधतात आणि नावाचा उच्चारच बिघडवतात; लोकव्युत्पत्तीची ही चूकसुद्धा टॉल्किन यांनी कथेच्या आत घडवली आहे.

आपला आक्षेप टिकतो तो सिंदारिनच्या बाबतीत. ही भाषा आधी नोल्डोर या एल्फ-कुळाची ‘नोल्डोरिन’ होती; 1950च्या सुमारास लेखकाने ती दुसऱ्या लोकांना दिली, तेव्हा बरीच नावे तशीच राहिली आणि त्यांच्यामागचा इतिहास बदलला. हे दौलताबादसारखेच, वरून आलेले.

तरीही ‘मनाला येतील तशी’ हे मला पटत नाही. उतारवयात टॉल्किन यांनी ‘एल्रोस’ या पात्राच्या नावातील ‘रोस’ची सविस्तर व्युत्पत्ती रचली, परंतु ‘कैर आंद्रोस’ या बेटाच्या नावात ‘रोस’चा अर्थ फेस असा पूर्वीच छापला गेला आहे, हे ध्यानात येताच त्यांनी त्या मांडणीचा बहुतेक भाग सोडून दिला. मनमानी करणाऱ्याला स्वतःचाच जुना छापील शब्द असा आडवा आला नसता.

मूळ लेखात मी आता ‘झीज’ आणि ‘फेरबदल’ असे दोन वेगळे शब्द योजले आहेत आणि नोल्डोरिनविषयीचा परिच्छेद आपला आक्षेप नोंदवून नव्याने लिहिला आहे.