अण्णांच्या कोंबड्या आणि बाळ्याचा पाव

धायरी फाट्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा संध्याकाळी बाळ्या बेकरीतल्या उरलेल्या पावांची पिशवी घेऊन आला आणि ती थेट अण्णांच्या हातात दिली. "घ्या, तुमच्या कोंबड्यांना." अण्णांनी घरामागे जाळीचं खुराडं करून गावरान कोंबड्या पाळल्यात. डॉक्टरने चहाचा ग्लास खाली ठेवला. हा पशुधन पर्यवेक्षक, पण कट्ट्यावर सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात.

"अण्णा, हे रोज देता?"

"रोज. तुटून पडतात नुसत्या. आणि त्यात काय एवढं? आमच्या आईनं पुरंदरला जन्मभर शिळी भाकरी कुस्करून टाकली कोंबड्यांना. काही झालं नाही."

"आईंनी भाकरी टाकली हे खरं. पण कोंबड्या काय तेवढ्यावर जगायच्या? दिवस उजाडला की उकिरड्यावर. किडे, अळ्या, गांडुळं, गवताचं बी, खळ्यात सांडलेले दाणे. पिल्लांसाठी तर लोक वाळवी खणून आणायचे. पोट भरायचं ते त्यावर, भाकरी वरची. तुमच्या जाळीत उकिरडा कुठंय?"

अण्णा गप्प झाले नाहीत, ते होणारही नव्हते. "मग ज्वारी टाकतो की मी!" पण मला विचाराल तर सगळ्या वादाची मेख इथेच आहे. पाव वाईट की चांगला, हा प्रश्नच अर्धा आहे. मोकळ्या कोंबडीला पावात जे नाही ते ती दुसरीकडून मिळवते. कोंडलेल्या कोंबडीला आपण टाकू तेवढंच. गावाकडचा दाखला शहरातल्या खुराड्याला लागू पडत नाही तो यासाठी.

मास्तरांनी लगेच हिशेब मांडला. डॉक्टर आकडे सांगत गेला, मास्तर वहीच्या पाठीमागे लिहीत गेले. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. तिच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात, पांढऱ्या ब्रेडमध्ये त्याच्या निम्मीच, ८-९ टक्के. कॅल्शियम खाद्यात साडेतीन-चार टक्के हवं, कारण एका अंड्याच्या कवचातच दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. ब्रेडमध्ये ते जवळजवळ नाहीच. म्हणजे कोंबडीनं पावानं पोट भरलं की तेवढं खाद्य कमी खाल्लं. मग कवचासाठी ती स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढते. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. आपण लाडानं टाकतो आणि ती बिचारी हाडं झिजवून अंडं देते.

काकू भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "हल्ली कवचं पातळच येतायत हो. परवा हातात घेताच फुटलं."

"उन्हाळ्यानं, वयानंसुद्धा होतं तसं," डॉक्टर म्हणाला. "सगळा दोष पावावर नको. पण शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, आणि पाव कमी करून बघा."

"म्हणजे विषच आहे म्हण की माझा पाव!" बाळ्या उसळला. साहजिक आहे, तो पहाटे चारला उठून तो पाव भाजतो.

"विष कोण म्हणतंय? ताजा, साधा पाव खुशाल दे. पण खाऊ म्हणून. दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत."

मास्तरांनी भागाकार केला. दहा टक्के म्हणजे ११-१२ ग्रॅम. ब्रेडची स्लाईस २५-३० ग्रॅमची. एका स्लाईसमध्ये दोन कोंबड्या आल्या. त्यातही खारी नको, त्यात तूप-डालडा फार. क्रीम रोल नको, चॉकलेटचं तर काहीच नको, आणि कच्चं मळलेलं पीठ चुकूनही नको, ते पोटात फुगतं.

खरा खटका उडाला बुरशीवरून. बाळ्याच्या पिशवीत तळाशी दोन-तीन पावांवर हिरवट ठिपके होते. पुण्याच्या पावसाळ्यात दुसरं काय होणार? "तेवढं खरवडून टाकू. नाहीतर तव्यावर भाजून देऊ," तो म्हणाला.

इथे मात्र डॉक्टरचा आवाज चढला, आणि मी पूर्णपणे त्याच्या बाजूनं आहे. दिसतो तो ठिपका, पण बुरशीचे तंतू मऊ पावात आतपर्यंत गेलेले असतात. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, आणि ते तव्याच्या आचेनं जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता सापडलं खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत, आणि तिथूनच हे विष जगाला कळलं. कोंबडी टर्कीपेक्षा चिवट असली तरी तिचं यकृत खराब होतं, अंडी घटतात. ती अंडी आपल्याच घरात पोरं खातात. कुठली बुरशी विषारी, कुठली नाही, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून बुरसलेला तुकडा द्यायचाच नाही.

अण्णा जरा नरमले. "बरं, मग द्यायचा कसा?"

बारीक तुकडे करून, किंचित ओलवून. कोंबडीला दात नाहीत. खाल्लेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, आणि पावाचे मोठे गोळे तिथे लगदा होऊन अडकू शकतात. सकाळी दाणा टाकायच्या आधी तिथे हात लावून बघायचा. रात्रभरात पिशवी रिकामी झालेली असते. पिठासारखी मऊ, भरलेली लागली, तोंडाला आंबूस वास आला, तर घरगुती उपाय न करता दवाखान्यात न्यायचं. आणि बारीक खडी खुराड्यात कायम हवी, कोंबड्या ती गिळतात आणि पोटात दाणा दळला जातो तो तिच्यावर.

"भाकरी मात्र पावापेक्षा बरी," अण्णा हट्टानं म्हणाले. मीठ कमी म्हणून डॉक्टरने ते मान्य केलं, पण मोजमाप तेच सांगितलं. अण्णांना ते पटलेलं नाही.

"आणि शाळेत जाता-येता पोरं जाळीतून ब्रेड टाकतात, त्याचं काय?" काकूंनी विचारलं. याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. दहा घरची दहा पोरं, प्रत्येकाची अर्धी स्लाईस. मास्तरांचा सगळा हिशेब तिथेच कोलमडला. शेवटी ठरलं की काकूंनी जाळीपाशी ज्वारीचा डबा ठेवायचा आणि पोरांनी त्यातली चिमूटभर टाकायची.

बाळ्या बुरसलेले पाव अण्णांच्या खतखड्ड्यात टाकायला निघाला. डॉक्टरने त्याला अर्ध्या वाटेवरून हाक मारली. "अरे, कोंबड्या सोडल्या की पहिल्या तिथेच उकरतात. वरून माती ओढ आणि झाकण घाल."